मध्यंतरातला सत्कार

टीम हरली म्हणून मला कधी वाईट वाटलं नाही. हरणं खेळातच असतं आणि नांदेडला लहानपणी मी भल्याभल्या टीमा हरताना पाहिल्या आहेत. पण आमची लातूरची कारखान्याची टीम ज्या तऱ्हेनं हरायची, ते पाहून शिसारी यायची. इतकी वर्षं झाली, मैदान गेलं, टीम गेली, तरी विषय निघाला की माझा आवाज चढतो आणि घरातले उठून दुसऱ्या खोलीत जातात.

ही टीम म्हणजे गल्लीतल्या हौशी पोरांचा कंपू नव्हता. आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याच्या चेअरमन साहेबांनी पदरी बाळगलेली पगारी टीम होती. कागदावर कुणी वॉचमन, कुणी उसाच्या चिठ्ठ्या वाटणारा स्लिप बॉय, कुणी वजनकाट्यावरचा मदतनीस. प्रत्यक्षात यातल्या बहुतेकांनी कारखान्याचं धुराडं लांबूनच पाहिलेलं. काम एकच, फुटबॉल खेळायचा. त्यासाठी महिन्याच्या महिन्याला पगार, मैदानाच्या कडेला राहायला पत्र्याच्या खोल्या, सकाळी दूध आणि अंडी. मिलच्या, बँकांच्या, कारखान्यांच्या अशाच पगारी टीमांची एक लीग चालायची. तिच्या वरच्या गटात आमची टीम कशीबशी लटकून होती. तळाला राहील त्या टीमला खालच्या गटात जावं लागे, आणि आमची टीम दर वर्षी खालून दुसरी येई. त्याबद्दलही गुलाल उधळून मिरवणूक काढायचे. मी गॅलरीची दारं लावून घ्यायची.

गॅलरी हीच माझी जागा. आमचं भाड्याचं घर मैदानाला लागून, पहिल्या मजल्यावर. खाली नळ, नळापलीकडे मैदानाची भिंत, आणि भिंतीपलीकडे एका बाजूचा गोल अगदी पायाखाली. मी तिथं तूर निवडत, कांदे सोलत सगळ्या मॅचेस पाहिल्या. आमचे हे टेलिफोन खात्यात होते. स्वभावानं गरीब माणूस, खेळातलं काही कळायचं नाही. मी ओरडायला लागले की आतून म्हणायचे, "नक्को चिल्लाव गे, लोगां देख रे."

लोक बघायचेच. बुरखा नाही, पण पदर डोक्यावर घेतलेली बाई, हातात सूप, आणि तोंडानं सेंटर फॉरवर्डचा उद्धार करतेय. लातूरला ही नवलाई होती. माझ्या माहेरी नव्हती. नांदेडला अब्बांचा मंडपाचा धंदा. हॉकीच्या, फुटबॉलच्या टूर्नामेंटला खुर्च्या, कनाती, पाहुण्यांचे सोफे आमचेच. खुर्च्यांच्या गाडीवर बसून मी मैदानावर जायची आणि शेवटच्या रांगेत बसून खेळ बघायची. अब्बांनी मला मराठी शाळेत घातलं आणि ऑफसाइड शाळेच्या आधी शिकवलं. त्यांचा एक नियम होता. सोफे मैदानाच्या रेषेपासून लांब मांडायचे आणि सत्कार खेळाच्या आधी नाहीतर नंतर. मध्ये कुणी हार घेऊन आलं तर अब्बा स्वतः हात जोडून त्याला परत पाठवायचे. "साहब, पाहुणा तुमचा आहे, पण बॉल कुणाचा पाहुणा नाही," असं म्हणायचे. मंडपवाल्याचं कोण ऐकतं, पण तिथं ऐकायचे.

लातूरला आल्यावर पहिली मॅच पाहिली आणि मला वाटलं, मध्यंतरात कुणीतरी वारलंय की काय. टीम एका गोलनं पुढं होती. शिट्टी झाली, आणि खेळाडू सावलीत जाण्याऐवजी रांगेत उभे राहिले. मांडवातून पाहुणे उतरले. टेबल आलं, टेबलावर शालींचा ढीग, नारळांचं पोतं. कारखान्याचे एक अधिकारी माइकवर शेर म्हणू लागले. आधी पाहुण्यांचा सत्कार, मग पाहुण्यांच्या हस्ते चेअरमन साहेबांचा, मग संचालकांचा, मग आलेल्या आणि न आलेल्यांचा, आणि शेवटी खेळाडूंचा. प्रत्येकाच्या खांद्यावर शाल, हातात नारळ, फोटो. घामानं भिजलेले पाय उन्हात उभे राहून लाकडासारखे ताठ झाले. पंचानं शिट्टी मारायची, तर पंचही फेटा बांधून रांगेत. पलीकडे समोरची टीम निंबाखाली लिंबूपाणी पिऊन उड्या मारत होती.

दुसरा हाफ सुरू झाला तेव्हा आमची पोरं धावत नव्हती, वरातीत चालल्यासारखी चालत होती. तीन गोल खाल्ले.

हा एका दिवसाचा प्रकार नव्हता, ही रीतच होती. घरच्या मैदानावर मॅच असली की मध्यंतरात सत्कार, कारण तेव्हाच गर्दी सगळ्यात जास्त असते, असं चेअरमन साहेबांचं गणित. बाहेरच्या टीमा हे शिकून गेल्या होत्या. पहिल्या हाफला नुसतं तग धरायचं, मग सत्कार होऊ द्यायचा आणि नंतर गोल मोजायचे. एकदा तर समोरच्या कोचला शाल द्यायला गेले, त्यानं हात जोडले, म्हणाला, "आमचं नको, तुमच्या पोरांचं सावकाश होऊ द्या."

आणि तो गोलकीपर! चेअरमन साहेबांचा भाचा. सत्कारात मिळालेला नारळ तो गोलच्या जाळीमागं ठेवायचा. भिंतीवर बसलेली पोरं तो पळवायची, म्हणून खेळताना त्याची एक नजर मागं. एका मॅचला बॉल हाफलाइनवरून आला, काही जोर नव्हता, टप्पे खात आला. भाचेसाहेब नारळाकडे बघत होते. बॉल त्यांच्या बाजूनं जाऊन नारळाला लागला. मी हातातलं सूप खाली टाकलं. तूर सगळ्या गॅलरीभर. "नारळच उभा करा गोलमध्ये!" असं मी ओरडले, आणि भिंतीवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून मला मैदानावर सगळे ओळखायला लागले.

अब्बा एकदा नांदेडहून आले होते. त्यांना मी कौतुकानं गॅलरीत खुर्ची टाकून दिली. पहिला हाफ त्यांनी पुढं वाकून पाहिला. सत्कार सुरू झाला तशी त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "बेटा, ये टीम नहीं, बारात है." पुढचा हाफ त्यांनी पाहिला नाही. आत जाऊन चहा पीत बसले.

मग भूकंप झाला.

लातूर शहरात घरं हलली, भिंतींना चिरा गेल्या. खरं कोसळलं ते किल्लारीकडं. ते सगळ्यांना माहीत आहे, मी काय सांगू. इकडं लोकांना छताची भीती बसली. पुढं किती तरी दिवस अख्ख्या मोहल्ल्यानं मैदानात बाजा टाकल्या. गोलच्या खांबांना दोऱ्या बांधून मच्छरदाण्या लावल्या, पेनल्टीच्या जागेवर चुली मांडल्या. आम्हीही होतो. माझी बाज कॉर्नरच्या झेंड्यापाशी होती. सराव बंद पडला, त्याबद्दल कुणीच कुणाला बोल लावला नाही.

पण बाजा उठल्या, लोक घरात गेले, लीग परत सुरू झाली, आणि मग टीमला एक कायमचं कारण सापडलं. हरले की भूकंप. पेनल्टी हुकली, भूकंप. सेंटर फॉरवर्ड रिकाम्या गोलसमोर घसरून पडला, तर कोच म्हणाला, "भूकंपानं जमिनीत उंचसखल झालंय." नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी शाळेत शिकले होते. अंगण वाकडं करायला खरोखरचा भूकंप आणणारे लोक पहिल्यांदाच पाहिले. यातल्या कुणाचं साधं कौलही फुटलं नव्हतं. सेंटर फॉरवर्ड तर पार लांब बिलोलीचा, तिथं भांडी वाजली असतील फार तर. मला या लोकांचा मनापासून वीट आला.

ज्याचं खरोखर गेलं होतं, तो एकच होता, आमचा स्टॉपर. बचावफळीच्या मधोमध उभा राहणारा, उंच, सावळा, कमी बोलणारा. किल्लारीजवळच्या एका खेड्यातला. त्या पहाटे तो लातूरला टीमच्या खोलीवर होता म्हणून वाचला. आई, वडील, लहान बहीण, घरात होते ते सगळे गेले. गावाला जाऊन जे करायचं ते करून तो परत आला आणि एके दिवशी सरावाला उभा राहिला. त्यानं भूकंपाचं नाव काढलेलं मी तरी कधी ऐकलं नाही.

त्याची परत आल्यानंतरची पहिली मॅच मला स्पष्ट आठवते. आमच्या ह्यांनी सकाळीच बजावलं होतं, "उसको कुछ बोलू नक्को. बेचारे का सब गया." शेजारणींनीही सांगून ठेवलं. अख्खं मैदान त्याला बघून दबक्या आवाजात बोलत होतं. त्याच्या पायात बॉल आला की लोक उगाच हळू टाळ्या वाजवत, मयतीच्या घरी तांब्या खाली ठेवावा इतक्या हळू. मीही ओठ दाबून बसले. त्यानं बऱ्याच चुका केल्या. मी गिळल्या. मग त्यानं न बघता मागं पास दिला, गोलकीपर भलतीकडं, आणि बॉल आमच्याच गोलमध्ये. मैदानभर सुतकी शांतता. मला राहवलं नाही.

"अरे मूर्खा!" मी उभी राहून ओरडले. "डोळे कुठं गहाण टाकलेस? मागं बघून पास देता येत नाही तर हमाली कर जाऊन मोंढ्यात!"

सगळं मैदान माझ्याकडे वळलं. बायकांनी तोंडावर हात ठेवले. आतून आमचे हे "या अल्ला" म्हणाले. स्टॉपरनं वर पाहिलं. आणि उजवा हात वर केला. खेळाडू चूक कबूल करताना करतो, तसा. आणि पळत आपल्या जागेवर गेला. शेजारणी पुढं पुष्कळ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. वरच्या बाजूच्या काकू म्हणाल्या, "माणुसकी म्हणून काही असतंय की न्हाई?" पण त्यानंतर मी त्याला सोडलं नाही. जसा बाकीच्यांना बोलायची तसाच त्यालाही. तो खेळाडू होता आणि त्याचा पास चुकला होता.

बाकीच्यांची माणुसकी मात्र मध्यंतरात बघावी. टीमकडे भूकंपग्रस्त खेळाडू आहे हे चेअरमन साहेबांच्या लक्षात आलं. तेव्हापासून प्रत्येक सत्कारात शेवटचा मान त्याचा. "किल्लारीच्या ढिगाऱ्यातून उभा राहिलेला आपला वीर!" असं माइकवर म्हणायचे. मग शेर. मग पाहुणे त्याच्या खांद्यावर शाल टाकून त्याला जवळ ओढायचे, फोटोवाला म्हणायचा, "जरा इकडं बघा, हसू नका." हसू नका! तो कधी हसत होता? पाहुण्यांच्या काखेत मान खाली घालून उभा राहायचा. एकदा एक पाहुणे त्याला धरून माइकवर रडले, आणि ते रडत असताना समोरची टीम मैदानात येऊन उभी राहिली होती. किळस या शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला. वाटायचं, खाली जाऊन ते शालींचं टेबल उलटं करावं.

याच दिवसांत लातूरला दुसरं वारं सुटलं. बोर्डात नंबर, मेडिकलला नंबर, सगळीकडे लातूर. उदगीर, देगलूर, निलंगा, कुठून कुठून पोरं ट्रंका घेऊन यायला लागली. लोकांनी न्हाणीघरं मोडून खोल्या काढल्या आणि भाड्यानं दिल्या. मीही डबे सुरू केले. आमच्या गल्लीत एक क्लासवाले सर होते, आधी एका खोलीत शिकवायचे, मग गोदामात, मग मंगल कार्यालयात. आता त्यांना मैदान हवं होतं. चेअरमन साहेबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की यंदा टीम खालच्या गटात गेली तर टीम बंद, मैदान क्लासला भाड्यानं.

हे स्टॉपरनंच मला सांगितलं. खोल्यांवर पाणी येत नसे, म्हणून खेळाडू आमच्या खालच्या नळावर घागरी भरायला यायचे. मी डब्यांची भांडी घासत होते. म्हटलं, "टीम बंद झाली तर बरंच आहे, माझं रक्त आटायचं तरी थांबेल." तो हसला नाही.

"भाभी, बाकीच्यायला घर हाय. त्ये जातील," तो म्हणाला. "मी कुटं जाऊ? तिकडं वसाहतीत पत्र्याची शेड भेटलीय. तिथं गेलो की मी परत भूकंपग्रस्त. सर्वेवाले येतेत, संस्थावाले येतेत, रडा म्हणतेत. हितं निदान मी स्टॉपर हाय."

"मग नीट खेळ की," मी म्हटलं. "कॉर्नरला तू उडी लवकर मारतोस. बॉल येईपर्यंत खाली येतोस."

"हाव," तो म्हणाला आणि घागर उचलून गेला. त्यानंतर रोज सकाळी कोच झोपलेला असताना तो एकटा त्या कोपऱ्यात उड्या मारताना दिसायचा. भिंतीला चुन्याची खूण करून तिथं डोकं लावायचा.

शेवटची मॅच घरच्याच मैदानावर होती. समोर मुंबईची एका बँकेची टीम. बरोबरी झाली तरी आम्ही वरच्या गटात राहत होतो. मी सकाळीच डबे उरकले. हे सुद्धा पहिल्यांदाच माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसले. आणि काय सांगू, पोरं खेळली. खरंच खेळली. एरवी सारखे केस विंचरणाऱ्या सेंटर फॉरवर्डनं केसांना हात न लावता दोन वेळा बॉल मारला. मग आम्हाला कॉर्नर मिळाला, माझ्या पायाखालच्या गोलला. स्टॉपर पुढं आला. बॉल वर आला तेव्हा तो जमिनीवरच होता. मी मनात म्हटलं, थांब, थांब, आणि तो थांबला, आणि मग उडाला. डोक्यानं मारलेला बॉल जाळीत. मी ह्यांचा खांदा धरून इतका हलवला की चहा त्यांच्या सदऱ्यावर सांडला. एक शून्य.

शिट्टी झाली. मध्यंतर.

मी डोळे मिटून घेतले. वाटलं, आज तरी नाही. आज टीमचा जीव टांगणीला लागलाय, आज तरी यांना अक्कल येईल. डोळे उघडले तर मांडवातून टेबल येत होतं. नेहमीपेक्षा मोठं. आणि प्रमुख पाहुणे कोण? क्लासवाले सर. ज्यांना मैदान हवं, त्यांनाच मध्यंतराचा पाहुणा केलं होतं. यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही, हे मी शपथेवर सांगते. शिवाय सरांचे बोर्डात आलेले विद्यार्थी, त्यांचे आईवडील, सगळ्यांचा गुणगौरव. एकेका पोराला फेटा, शाल, ट्रॉफी, मग त्यानं मनोगत सांगायचं. कुणी आईला श्रेय देत होतं, कुणी सरांना, कुणी आईला आणि सरांना. ऊन भिंतीवरून सरकत मैदानाच्या मध्यावर आलं. आमची टीम रांगेत उभी. बँकेची टीम निंबाखाली उड्या मारतेय.

मी ओरडून पाहिलं, पण लाउडस्पीकरपुढं माझं काय चालणार. तेव्हा चपला घातल्या, पदर खोचला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मॅचच्या वेळी त्या मैदानात उतरले. तडक कोचकडे गेले. त्यानं फेटा बांधला होता.

"पोरं गार पडली," मी म्हटलं. "बंद करा हा तमाशा."

"भाभी, पाहुण्यांचा मान ऱ्हातो," तो म्हणाला. "थोडंच राहिलंय. तुमी बसा, फराळाचे डबे हायेत."

तेवढ्यात माइकवर घोषणा झाली. किल्लारीच्या ढिगाऱ्यातून उभा राहिलेला वीर, आजचा गोल करणारा. क्लासवाले सर शाल उलगडून उभे राहिले. स्टॉपर रांगेच्या टोकाला होता, एकटाच पाय हलवत होता. तो टेबलापर्यंत गेला. सरांपुढं त्यानं हात जोडले, वाकून नमस्कार केला, आणि शाल खांद्यावर पडायच्या आत वळून मैदानात निघून गेला. आपल्या जागेवर जाऊन पळायला लागला. गोलपासून हाफलाइनपर्यंत, परत गोलपर्यंत, एकटाच.

माइकवर त्याचं नाव तीन-चारदा पुकारलं. सर शाल धरून तसेच उभे. चेअरमन साहेबांचा चेहरा काळा पडला. माझ्या मागून कुणी तरी म्हणालं, "माजलंय. सरकारचा पैसा भेटला ना." मी वळून त्या माणसाला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मला वाटलं, आता तरी बाकीचे त्याच्यामागं जातील. रांगेतून एकही हलला नाही. सत्कारानंतर फराळाचे डबे होते आणि यंदा प्रत्येकाला टॉवेलचा सेट होता. गोलकीपरनं तर नारळ काखेत मारून ठेवला होता. एवढी शरम मला कधी कुणाची वाटली नाही, जेवढी त्या रांगेची वाटली.

दुसरा हाफ मी पुन्हा गॅलरीतून पाहिला. बाजू बदलल्या होत्या, आता आमचाच गोल माझ्या पायाखाली होता, सगळं दिसत होतं. सेंटर फॉरवर्डच्या पोटऱ्यांत गोळे आले, तो बसला. दोन्ही बगलांची पोरं चालत होती. सगळा भार स्टॉपरवर. तो एकटा पळत होता, अडवत होता, पडत होता, उठत होता. मी घसा फोडून ओरडत होते. "डावीकडं! डावीकडं कोण, तुझा आजा बघणार?" तो डावीकडे वळला आणि बॉल बाहेर काढला. पण किती वेळ? एक गोल झाला. बरोबरी. अजूनही आम्ही वाचत होतो. मग शेवटी तिघे त्याच्या अंगावर आले. पहिला फटका त्यानं पायानं अडवला, दुसरा छातीनं. मग बॉल हिसकायला तो पुढं झेपावला, त्याच्या मागची जागा रिकामी पडली आणि तिसरा फटका तिथून आत गेला.

मी तोंड उघडलं. तो गुडघ्यांवर बसला होता, मान खाली. मी तोंड मिटलं आणि खाली बसले.

शेवटची शिट्टी झाली, दोन-एकनं हरलो, टीम खालच्या गटात गेली. चेअरमन साहेब माइकवर आले आणि म्हणाले, भूकंपाच्या आघातातून सावरत आपल्या संघानं जी झुंज दिली... पुढचं मी ऐकलं नाही. गॅलरीची दारं लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासची माणसं मैदानात सुतळी आणि खुंट्या घेऊन आली होती. मी खाली नळावर होते. स्टॉपर ट्रंक घेऊन आला. कोपऱ्यावर किल्लारीकडं जाणारी जीप भरत होती. त्यानं ट्रंक ठेवली, तोंड धुतलं, आणि उभा राहिला. जात नव्हता.

"भाभी, काल शेवटच्या गोलला तुमी काईच म्हणला न्हाई," तो म्हणाला.

"काय म्हणणार बाबा," मी म्हटलं. "तू एकटा तरी किती करणार."

त्याचा चेहरा पडला. खरंच पडला. म्हणाला, "चूक माझी व्हती. मी पुढं निगालो. जागा सोडाया नगं व्हती."

"असू दे रे."

"असू दे नका म्हणू." त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "भूकंप झाल्यापासून समदे मला असू देच म्हणून राहिले. गोल खाल्ला तरी टाळ्या वाजवतेत. तुमी एकट्या शिव्या देत व्हता. तुमच्या शिव्या ऐकल्या की वाटायचं, आपण अजून खेळून राहिलो. काल तुमीबी गप झाला."

जीपवाला हॉर्न वाजवत होता. त्यानं ट्रंक उचलली आणि निघाला. मी भांडी तशीच टाकून जिना चढले. गॅलरीत गेले. तो जीपपाशी पोचला होता.

"अरे मूर्खा!" मी होता नव्हता तेवढा आवाज काढला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसलंही नाही. "जागा सोडून पुढं काय तुझी मावशी बसली होती? स्टॉपरनं जागा सोडायची असते? इतकी वर्षं काय गवत उपटलंस?"

खिडक्या उघडल्या. सुतळी धरलेली माणसं वर बघायला लागली. वरच्या बाजूच्या काकू बाहेर आल्या. स्टॉपरनं ट्रंक जीपच्या टपावर टाकली, माझ्याकडे वळला आणि उजवा हात वर केला. तो हसत होता. मग पाठीमागच्या पायरीवर उभा राहिला, आणि जीप निघाली.